तोफेच्या शेजारी घरटं

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात फोर्ट ब्रॅग नावाची अवाढव्य लष्करी छावणी आहे. विमानातून उड्या मारणारी प्रसिद्ध ८२वी तुकडी इथलीच. १९९० च्या दशकात या छावणीच्या सरावाच्या रानात काही पाइन वृक्षांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे रंगवलेले असत. पट्टा दिसला की त्या झाडाच्या दोनशे फुटांच्या आत खंदक खणायचा नाही, तळ टाकायचा नाही, रस्ता सोडून गाडी घालायची नाही. कारण त्या झाडाच्या ढोलीत एक सुतार राहत असे. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. नाव रेड-कॉकेडेड वुडपेकर. पण ज्या लाल तुऱ्यावरून हे नाव पडलं तो नराच्या डोक्याच्या बाजूला रेघेएवढा असतो आणि चांगल्या दुर्बिणीतूनही सहसा दिसत नाही. आपण त्याला नुसतं सुतारच म्हणू.

जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला एवढ्याशा पक्ष्याने वाट वाकडी करायला लावली, यावर तेव्हा बरेच विनोद झाले. जवानांना ते विनोद वाटत नव्हते. पण त्या पट्ट्यांपासून पुढच्या पंधरा वर्षांत फोर्ट ब्रॅगने जे केलं, त्यातून एका प्रश्नाची बऱ्यापैकी नेमकी उत्तरं मिळतात. दुर्मीळ जिवाचं घर लष्करी जमिनीवर किंवा तिच्या कुंपणाला लागून असेल, तर ते कमीत कमी पैशांत कसं राखायचं? प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपला माळढोक आज पोखरणच्या तोफांच्या आवाजात जगतो आहे.

आधी हे जीव तिथे का सापडतात ते पाहू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सुमारे अडीच कोटी एकर जमीन आहे. तिथल्या वनखात्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानांच्या जमिनीपेक्षा ही कितीतरी कमी. तरी दर एकरामागे धोक्यातल्या प्रजाती मोजल्या, तर केंद्र सरकारच्या सगळ्या खात्यांत लष्कराचा क्रमांक पहिला लागतो. लष्कराला पाखरांचा लळा आहे म्हणून नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कुंपण पडलं आणि त्यानंतर आत नांगर गेला नाही, प्लॉट पडले नाहीत, मॉल उभा राहिला नाही, एवढंच. बाहेर सगळं बदललं आणि आतलं राहून गेलं.

सुताराच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. त्याला जुनं लाँगलीफ पाइनचं रान लागतं, तेही मोकळं: उंच झाडं, खाली गवत, मध्ये झुडपांची गर्दी नाही. असं रान दर दोन-पाच वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरली तरच टिकतं. आग फिरायची थांबली की ओकसारखी रुंदपानी झाडं खालून वर येतात, ढोलीच्या तोंडापर्यंत पोहोचतात आणि पक्षी घर सोडतो. अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी नऊ कोटी एकरांवर पसरलेलं हे रान घटत घटत तीस लाखांच्या आसपास आलं. इमारती लाकडाने खाल्लं, शेतीने खाल्लं आणि उरलेलं आग विझवण्याच्या अतिउत्साहाने खाल्लं. छावणीत मात्र तोफगोळे पडत, गवत पेटे आणि विझवायला आत जाण्याची कुणाची छाती होत नसे. परिणामी उत्तम पाइनचं रान नेमकं गोळे पडण्याच्या टापूत शिल्लक राहिलं. ज्याने मरायला हवं होतं त्यानेच जगवलं.

१९९० साली तिथल्या वन्यजीव खात्याने लेखी मत दिलं, की फोर्ट ब्रॅगवरच्या लष्करी हालचालींमुळे हा पक्षी नामशेष होण्याचा धोका आहे. त्या देशाच्या १९७३ च्या कायद्यात अशा मताला मोठं वजन आहे. सराव आक्रसले, पट्टे रंगले. लष्कराने तक्त्यांवर हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की खरी अडचण कुंपणाच्या बाहेर आहे. भोवतालची खासगी जंगलं तोडून घरं, गोल्फची मैदानं आणि दुकानं उभी राहत होती. बाहेरचे पक्षी संपले की उरलेल्या सगळ्यांचा भार छावणीवर. बाहेर जितके सुतार कमी, आत तितके निर्बंध जास्त. त्यात नव्या वस्तीतले लोक रात्रीच्या गोळीबाराची तक्रार करणार, त्यांच्या दिव्यांनी अंधारातला सराव बिघडणार. पक्ष्याचं घर आणि तोफेचा सराव, दोघांचा शत्रू एकच निघाला: बिल्डर.

आता शेजारी काय करत होते ते बघा. कायद्यानुसार तुमच्या जमिनीवर सुताराचं घरटं असेल तर झाड तोडता येत नाही. मग शहाणा मालक काय करेल? घरटं होईल एवढं झाड जुनं होऊच देणार नाही. डीन ल्यूक आणि जेफ्री मायकल या दोन अर्थतज्ज्ञांनी २००३ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या हजारभर जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुतारांची वस्ती जितकी जवळ, तितकी झाडं लवकर आणि कोवळी तोडली जातात, असं त्यात निघालं. त्याच राज्यातल्या बॉयलिंग स्प्रिंग लेक्स या छोट्या गावात २००६ साली सुतारांच्या वस्तीचे नकाशे येणार अशी बातमी पसरताच झाडं तोडण्याच्या परवान्यांसाठी गावाच्या कार्यालयात झुंबड उडाली. पक्ष्यासाठी केलेल्या कायद्याने पक्ष्याचं रान तोडलं. संवर्धनाच्या हिशेबात हा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा असतो: शेजाऱ्याच्या भीतीचा खर्च.

सोलापूर-नगरकडच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदे, नेवासे अशा तालुक्यांतली गावंच्या गावं, त्यांची शेतं, रस्ते, बाजार, सगळं कागदावर अभयारण्य झालं. पक्ष्याला खरोखर उपयोगी असे राखीव गवताचे तुकडे त्यात थोडेच. खरेदी-विक्री अडली, बांधकामाच्या परवानग्या अडल्या आणि माळढोक हा गवतातला देखणा पक्षी न राहता तलाठ्याच्या दारातला खोडा झाला. पुढे ही हद्द कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर तीन दशकं गेली होती. आज नान्नजला एखाददुसरा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

फोर्ट ब्रॅगच्या आसपास या भीतीवर १९९५ साली एक औषध निघालं. 'सेफ हार्बर', म्हणजे सुरक्षित बंदर, असं त्याचं नाव. मायकल बीन या पर्यावरण-वकिलाचा यात मोठा वाटा. करार अगदी साधा. आज तुमच्या जमिनीवर सुतारांची जितकी कुटुंबं आहेत तितकी राखण्याची जबाबदारी तुमची. तुम्ही गवत जाळून, झाडं मोठी होऊ देऊन पक्ष्यांना बोलावलंत आणि उद्या संख्या वाढली, तर वाढलेल्या पक्ष्यांचं ओझं तुमच्यावर नाही. पुढे जमीन विकायची किंवा झाडं तोडायची झाली तर आधीच्या आकड्यापर्यंत परत येता येईल. पहिली सही केली पाइनहर्स्ट नावाच्या गोल्फच्या मोठ्या रिसॉर्टने. गोल्फवाले आणि सुतार, दोघांनाही जुने पाइन आणि खाली मोकळी जागा लागते, त्यामुळे ही सोयरीक जमण्यासारखी होतीच.

याला सरकारी तिजोरीतून जवळजवळ काहीच लागलं नाही. लागला तो कागद, एक भरवशाचा शब्द आणि घरोघर जाऊन तो समजावणारी माणसं. काही पर्यावरणवाद्यांना हे रुचलं नाही. उद्या मालकाने पक्षी घालवले तर, असं ते विचारत. प्रश्न रास्त आहे. पण ज्या रानात पक्षी येणारच नव्हता तिथे तो वीस वर्षं राहिला, तर वीस वर्षांत त्याची पिल्लं शेजारच्या छावणीत पोहोचतात. शून्यापेक्षा ते बरं.

दुसरा स्वस्त उपाय सुताराच्या स्वभावातून सापडला. बाकीचे सुतार वठलेल्या लाकडात ढोली करतात. हा पठ्ठ्या जिवंत पाइनमध्ये कोरतो. त्यासाठी आतला गाभा बुरशीने मऊ झालेलं, साधारण ऐंशी वर्षांहून जुनं झाड शोधतो. ढोली पुरी व्हायला कधी वर्ष लागतं, कधी पाच-सहा वर्षं. मग ढोलीच्या तोंडाभोवती चोचीने भोकं पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप चढत नाहीत. असं घर बापजाद्यांच्या वाड्यासारखंच मौल्यवान असतं. तरुण नर स्वतंत्र बिऱ्हाड न करता आईबापांजवळ राहून धाकट्या भावंडांना भरवतात, वाडा कधी आपल्याकडे येईल याची वाट पाहत. अभ्यासकांना शंका आली, की इथे अन्नाची नव्हे, घरांची टंचाई आहे. नॉर्थ कॅरोलिनात त्यांनी वीस रिकाम्या जागी झाडांना यंत्राने ढोली पाडून दिल्या आणि तुलनेसाठी वीस जागा तशाच सोडल्या. ढोली दिलेल्या वीसपैकी अठरा जागी नवी कुटुंबं आली. न दिलेल्या वीसांपैकी एकाही जागी आली नाहीत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. नेमकं काय कमी पडतंय हे विचारायला फार पैसे लागत नाहीत. न विचारता केलेला खर्च मात्र वाया जातो.

त्याच्या थोडं आधी, सप्टेंबर १९८९ मध्ये, ह्यूगो नावाचं चक्रीवादळ दक्षिण कॅरोलिनाच्या फ्रान्सिस मॅरियन जंगलावर आदळलं. सुतारांची ८७ टक्के ढोलीची झाडं एका रात्रीत गेली, ६३ टक्के पक्षी मेले. तेव्हा वनखात्याच्या लोकांनी लाकडाची तयार पेटी करून ती साखळी-करवतीने खाच पाडलेल्या बुंध्यात बसवायला सुरुवात केली. पक्ष्याला जे करायला वर्षं लागतात ते काही तासांत झालं, आणि पक्षी निमूटपणे राहायला आले. पुढे फोर्ट ब्रॅगसह अनेक लष्करी तळांवर अशा पेट्या बसल्या. भर दर काही वर्षांनी मुद्दाम लावलेल्या आगीची. पेटी आणि काडी, एवढ्यावर या पक्ष्याचं नशीब पालटलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

उरला जमिनीचा प्रश्न. सरकार म्हटलं की पहिला विचार भूसंपादनाचा. पण विकत घेतलेली जमीन महाग पडते, तिची राखण महाग पडते आणि शेजारी कायमचा दुखावतो. १९९५ मध्येच फोर्ट ब्रॅगने 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेबरोबर वेगळी वाट धरली. जमीन मालकाचीच राहील. त्याने ती कसावी, लाकूड काढावं, मुलांना द्यावी. फक्त तिच्यावर वसाहत उभी करण्याचा हक्क त्याने विकायचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला टीडीआर माहीत आहे, त्याला हे पटकन कळेल: जमिनीपासून बांधकामाचा हक्क सुटा करून त्याची किंमत मोजायची. फरक इतकाच, की इथे तो हक्क दुसरीकडे वापरायचा नाही, मिटवून टाकायचा. डिसेंबर २००२ मध्ये याला देशव्यापी कायद्याचा आधार मिळाला. लष्कर, राज्य सरकार आणि खासगी संस्था मिळून पैसे घालतात. ढोबळमानाने निम्मा भार लष्कराबाहेरचे भागीदार उचलतात. 'रेपी' या संक्षिप्त नावाने ही योजना आता देशभरच्या तळांभोवती चालते. ही योजना सैन्याला परवडते, कारण तुलना पक्ष्याच्या किमतीशी नसते. तुलना असते बंद पडलेल्या सरावक्षेत्राशी आणि पर्यायी छावणी उभारण्याच्या खर्चाशी.

फोर्ट ब्रॅगच्या सुतारांनी २००६ मध्ये ठरवलेलं लक्ष्य गाठलं, ठरल्या वेळेच्या पाच वर्षं आधी. सरावावरचे बहुतेक निर्बंध उठले. (मधल्या काळात छावणीचं नाव बदलून फोर्ट लिबर्टी झालं आणि २०२५ मध्ये परत फोर्ट ब्रॅग. सुतारांनी दखल घेतल्याची नोंद नाही.) ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पक्षी 'नामशेष होण्याच्या वाटेवर' या वर्गातून एक पायरी खाली, 'धोक्यात' या वर्गात आला. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या सुमारे दीड हजार वस्त्या माहीत होत्या. आता पावणेआठ हजारांच्या आसपास आहेत.

'रेपी'बद्दल वाचताना मला सारखा देहूरोडचा रेडझोन आठवत होता. पिंपरी-चिंचवडच्या निगडी, तळवडे, चिखली भागात ज्याचं घर आहे त्याला दोन हजार यार्ड म्हणजे काय हे विचारा. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती बांधकाम नको, हे तत्त्व बरोबरच आहे, आणि ज्या कायद्याने ते आलं तो १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट. म्हणजे लष्कराभोवती मोकळा पट्टा ठेवण्याची कल्पना आपल्याकडे अमेरिकेच्या शंभर वर्षं आधीची. त्या कायद्यात भरपाईचीही तरतूद आहे. पण आपल्याकडे रेघ आधी येते आणि पैशाचं नंतर बघू म्हणतात. परिणाम डोळ्यांसमोर आहे: रेडझोनच्या आत परवानगीशिवायची घरं दाटीने उभी आहेत, घेणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घातली आहे आणि मोकळी जागा तर उरलेलीच नाही. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या गावांना के. के. रेंजच्या विस्ताराची धास्ती का वाटते, तेही यातून समजतं. फुकटचा पट्टा सर्वांत महाग पडतो.

किंमत कशी ठरवायची यावर टेक्सासमधल्या फोर्ट हूडने सुरेख उत्तर काढलं. तिथे रणगाड्यांच्या सरावाच्या रानात सोनेरी गालांचा एक वटवट्या विणीसाठी येतो. त्याचं घरटं म्हणजे जुन्या जुनिपरच्या सालीच्या चिंध्या कोळ्याच्या जाळ्याने बांधलेल्या; टेक्सासबाहेर तो कुठेच वीण करत नाही. टेक्सासचा रँचवाला आणि सरकार यांचं नातं म्हणजे आपल्याकडे शेतकरी आणि वीज मंडळाचं असतं तसं. तिथे २००६ पासून उलटा लिलाव झाला. मालकांनी सांगायचं: एवढं रान, इतकी वर्षं राखायला मी एवढे पैसे घेईन. रानाची प्रत, जागा आणि मुदत पाहून तुकड्यांना गुण द्यायचे. दर गुणामागे ज्याची बोली कमी त्याचा करार आधी. मुदत दहा ते पंचवीस वर्षं. सरावात छावणीतलं रान जळलं तर हे जमा गुण वापरायचे. मध्यस्थ म्हणून सरकारी अधिकाऱ्याऐवजी विद्यापीठाची आणि शेती-संस्थांची ओळखीची माणसं होती, म्हणून दारं उघडली. दोष एकच, आणि तो मोठा: मुदत संपली की रान पुन्हा मालकाच्या मर्जीवर. तात्पुरत्या उपायाने तात्पुरतं नुकसान भरून काढता येतं, कायमचं नाही.

त्याच छावणीत काळ्या टोपीचा व्हिरिओ नावाचा आणखी एक पक्षी मरणपंथाला लागला होता, आणि त्याचं दुखणं रानाचं नव्हतंच. गाईगुरांमागे फिरणारा काउबर्ड त्याच्या घरट्यात अंडी घालत असे, आपली कोकिळा कावळ्याच्या घालते तशी. १९८० च्या दशकाच्या शेवटी फोर्ट हूडमधल्या दहापैकी नऊ घरट्यांत परक्याचं अंडं सापडायचं. जाळीचे सापळे लावून काउबर्ड पकडणं सुरू झालं, शेजारच्या रँचवरही मालकांच्या संमतीने सापळे लागले, आणि दहा वर्षांत हे प्रमाण दहात एकाच्या खाली आलं. २०१८ मध्ये व्हिरिओ धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. एक एकरही विकत न घेता हजारो एकर रान पुन्हा वस्तीलायक झालं.

याच्या उलट, जीव उचलून दुसरीकडे नेणं. कागदावर हा उपाय सर्वांत सुटसुटीत दिसतो, म्हणून अधिकाऱ्यांना आवडतो. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विनचा विस्तार करताना २००८ मध्ये पाचशेंहून अधिक वाळवंटी कासवं दुसरीकडे सोडली. दुष्काळाने ससे-उंदीर कमी झाले होते. कोयोटे कासवांवर तुटून पडले आणि मोहीम थांबवावी लागली. कासव पोहोचवण्याचा खर्च झाला, नजर ठेवण्याचा झाला, आणि कासवं गेली ती गेलीच. हवाईच्या मकुआ खोऱ्यात गोळीबाराने लागणाऱ्या वणव्यांवरून लष्कर आणि स्थानिक लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. २००४ नंतर तिथे जिवंत दारूगोळा वापरला गेला नाही आणि २०२३ मध्ये लष्कराने तो हट्ट रीतसर सोडला. काही जागांचं उत्तर 'इथे नको' हेच असतं, आणि ते लवकर दिलं तर वकिलांचे पैसे वाचतात.

बाकीच्या देशांतल्या गोष्टी मजेदार आहेत, पण थोडक्यात. इंग्लंडच्या सॉल्झबरी मैदानावर रणगाड्यांच्या चाकोरीत साचलेल्या डबक्यांत एक दुर्मीळ कोळंबीसारखा जीव वाढतो. रणगाडे थांबले तर डबकी बुजतात. त्याच मैदानावर २००४ पासून माळढोकाचा युरोपीय चुलतभाऊ, ग्रेट बस्टर्ड, पुन्हा सोडला जातो आहे. ब्रिटनमधून तो १८३२ च्या सुमारास संपला होता. वॉशिंग्टन राज्यात लुईस-मॅकॉर्ड तळाच्या माळावरच्या एका फुलपाखराच्या अळ्या महिला तुरुंगातल्या कैद्यांनी वाढवल्या, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. काळजीने हाताळणारे हात आणि भरपूर वेळ, हे दोन्ही तिथे मुबलक.

आता पोखरण. राजस्थानात ज्याला गोडावण म्हणतात तो आपला माळढोक जगात दीडशेच्या आतबाहेर उरला आहे, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात: काही डेझर्ट नॅशनल पार्कच्या कुंपणांत, काही पोखरणच्या गोळीबार क्षेत्रात आणि त्याच्या कडेच्या रामदेवरा भागात. कारण तेच, फोर्ट ब्रॅगचं: आत ट्रॅक्टर नाही, सौर प्रकल्प नाही, माणूस क्वचित. कच्छमध्ये नलियाच्या हवाई तळाच्या शेजारी जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं लाला अभयारण्य आहे. त्या भागात अलीकडे माद्याच उरल्या आहेत. महाराष्ट्रात ८,४९६ आणि गुजरातेत दोन. पक्ष्याची गरज या दोन्ही आकड्यांत कुठेच बसत नाही.

गोडावणाला आज गोळ्यांपेक्षा तारांचं भय अधिक. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही, शरीर जड, ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वीजवाहिन्यांना धडकून वर्षाला ८४ हजारांच्या आसपास सर्व जातींचे पक्षी मरतात. निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली न्या असा आदेश दिला. तो सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरला लागू होत होता. कमी दाबाच्या वाहिन्या पुरता येतात, त्याही कित्येक पट खर्चाने. अतिउच्च दाबाच्या लांब वाहिन्या पुरणं जवळजवळ अशक्य. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने हा सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. पुन्हा तीच गोष्ट: रेघ आधी भलीमोठी मारायची, मग ती पुसण्यात वर्षं घालवायची. पोखरणच्या कडेने पक्षी नेमके जिथून ये-जा करतात त्या थोड्या वाटांवरून खांब उभे राहण्याआधीच मार्ग वळवणं हे सगळ्यांत स्वस्त. खांब उभे राहिल्यावर तारांना चकत्या लावणं मधलं. तारा पुरणं सर्वांत महाग, आणि मेलेल्या पक्ष्याला अंडपेटीतून परत आणणं त्याहून महाग. सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांचं काम थोर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने झालेलं पिल्लू जन्माला आलं. पण केंद्रात वाढलेल्या पक्ष्याला शेवटी सोडायचं कुठे? कुत्रे, तारा आणि कुंपणं नसलेला माळ लागणारच.

आणि माळ म्हणजे पडीक नव्हे. लष्कराच्या पर्यावरण बटालियनने १९८० च्या दशकापासून राजस्थानच्या कालव्याकाठी झाडं लावली. मसुरीच्या उजाड डोंगरांवर अशाच तुकडीने मोठं काम केलं आहे. पण गवताळ माळावर झाडं लावली की कोल्ह्यांना लपायला आणि कावळ्यांना बसायला जागा होते आणि माळढोक निघून जातो. सोलापूरकडे वनीकरणाने हेच केलं. सैन्याकडे हात आहेत, शिस्त आहे. त्यांना खड्डे खणण्याऐवजी विलायती बाभूळ उपटण्याचं आणि भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताचं काम दिलं तर कमी खर्चात जास्त पदरी पडेल.

सगळ्यांत कमी पैशांचं उदाहरण आपल्याच देशात, ओडिशाच्या किनाऱ्यावर आहे. क्षेपणास्त्र चाचणीच्या अब्दुल कलाम बेटाजवळ ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. प्रखर दिव्यांनी पिल्लं भरकटतात, समुद्राऐवजी उजेडाकडे जातात. दिवे झाकले, मंद केले. आणि २०२४ च्या जानेवारी ते मार्च या काळात चाचण्या थांबवण्याचं ठरलं. बटण आणि कॅलेंडर, बस्स.

अमेरिकेचा कित्ता गिरवा असं मी म्हणत नाही. त्यांच्या सैन्याचा खिसा आपल्याला परवडणारा नाही, आणि सुतारासाठी आग आणि पेट्या आता कायमच्या लागणार आहेत. काम थांबलं की पक्षी घसरेल. पण क्रम घ्यायला हरकत नाही. आधी पक्ष्याला नेमकं काय कमी पडतं ते बघणं, मग शेजाऱ्याची भीती काढणं, मग मोकळ्या पट्ट्याचे पैसे त्याच्या बोलीने देणं, आणि जमीन घेणं सगळ्यांत शेवटी. जैसलमेरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या ओरणी, म्हणजे आपल्या देवरायांच्या बहिणी, नकाशावर आणून वनक्षेत्र म्हणून नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान सरकारला सांगितलं आहे. १९०३ चा कायदा हाताशी आहे, त्यात भरपाई हा शब्दही आहे. संरक्षण आणि पर्यावरण या दोन मंत्रालयांनी एकत्र पैसे घालून पोखरणच्या कडेच्या मेंढपाळांना आणि शेतकऱ्यांना विचारावं: गवत राखायचं, कुंपण घालायचं नाही, किती घ्याल?

हे या एक-दोन विणींत व्हायला हवं. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.